इलिनॉयमधली रेल्वेकाठची छोटी गावं एकसारखी का दिसतात?
कारण त्यातली बरीचशी गावं आधी नव्हतीच, रेल्वे आल्यावर एकाच नकाशावरून आखली गेली. १८५० मध्ये अमेरिकन काँग्रेसने इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीच्या लाईनसाठी जवळपास २६ लाख एकर जमीन दिली, १८५६ पर्यंत ७०५ मैल रूळ झाले, आता वाफेच्या इंजिनाला ठराविक अंतरावर पाणी लागायचंच आणि शेतकऱ्याला धान्य घालून दिवसात परत यायचं असायचं, म्हणून दर काही मैलांवर स्टेशन आणि त्याला चिकटून गाव. प्लॉट पाडून विकणारे लोकही कंपनीच्याच जवळचे, त्यामुळे मधे रूळ, बाजूला सरळ रस्ते, आणि रस्त्यांना ओक, चेस्टनट अशी झाडांची तीच ती नावं, नकाशे शेजारी ठेवून बघा, खरंच भारी वाटतं. फक्त सगळ्यांना हे लागू नाही, काही गावं रूळांच्या आधीपासूनची आहेत.