नवी कोरी गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचं आहे. गाडीची काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी पेट्रोलची, गिअरची, मीटरवर ४०० किलोमीटर. पुढच्या आठवड्यात पाच मोठी माणसं आणि सामान घेऊन जाऊन-येऊन दीडेक हजार किलोमीटर व्हायचेत. आणि शोरूममधून सांगितलंय, "नवी गाडी आहे, बिनधास्त जा, काही बघायची गरज नाही."

बिनधास्त जाच. पण काही बघायची गरज नाही, हे मला पटत नाही. नव्या गाडीत झिजलेलं काही नसतं हे खरं, पण तिच्यावर तुमचा हातही बसलेला नसतो. रात्री, भर पावसात, पुढची काच आतून धुरकट झाल्यावर डीफॉगरचं बटण शोधत बसणं हे इंजिनाच्या जुन्या बेल्टपेक्षा जास्त धोक्याचं. त्यामुळे पहिलं काम असं, की एका संध्याकाळी गाडी उभी करून मॅन्युअल मांडीवर घ्या आणि एकेक बटण दाबून पाहा. हेडलाइटचा झोत वर-खाली करणारं छोटं चाक बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला असतं. मागे माणसं आणि सामान बसलं की गाडीचं नाक वर होतं आणि लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शून्यावर असलेलं ते चाक तेव्हा फिरवायचं. कित्येकांना ते आहे हेच माहीत नसतं.

आता हवा. नव्या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट मी सगळ्यात वर ठेवतो. कारखान्यातून गाड्या निघतात तेव्हा टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा भरलेली असते, कारण वाहतुकीत आणि यार्डात गाडी बरेच दिवस एकाच जागी उभी राहते आणि टायर खालून चपटे बसू नयेत. ताबा देण्याआधी ती कमी करायची असते. घाईत कधीकधी राहून जाते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावर बहुधा दोन आकडे असतात: एक थोड्या माणसांसाठी, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. तुम्हाला दुसरा हवा. हवा थंड टायरमध्ये तपासा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. हायवेवर तास-दोन तास पळाल्यावर आकडा चार-पाच पीएसआय वाढलेला दिसेल. तो वाढणारच, घाबरून हवा सोडू नका. गाडीत टायर प्रेशरची सूचना देणारी यंत्रणा असेल तर हवा भरून झाल्यावर ती मॅन्युअलप्रमाणे रीसेट करा, कारण काही गाड्यांत ती जुनाच आकडा बरोबर धरून बसते.

स्टेपनीलाही तेव्हाच हवा मारून घ्या. ती बारीक चाकाची असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर, आणि तिच्यावर फक्त दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जायचं असतं. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसती पंक्चर बुजवणाऱ्या द्रावणाची बाटली आणि छोटा पंप. खिळा घुसला तर त्यावर भागतं, टायर बाजूने फाटला तर नाही. हे डिकी उघडून आजच बघा.

आणि एक चाक खरंच बदलून पाहा. दारात, दिवसाउजेडी, सपाट जमिनीवर. वर्कशॉपमध्ये नट हवेच्या गनने आवळतात, त्यामुळे गाडीसोबत मिळालेल्या आखूड पान्याने ते सुटतात का हे घरीच कळतं. नट आधी थोडे सैल करायचे, मग जॅक लावायचा. जॅकची जागा दाराखालच्या पट्टीला खाचेने दाखवलेली असते. भलतीकडे लावला तर पत्रा आत जातो. अलॉय व्हील असतील तर चोरी होऊ नये म्हणून एखादा नट वेगळ्या आकाराचा असू शकतो आणि त्याची चावी एखाद्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेली असते. ती पान्याजवळ ठेवा. चाक परत बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून बघा.

इंजिन नवं असताना इतकं लांब जावं का, हे तुम्ही वेगळं विचारलंय. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसायला थोडा काळ लागतो. त्याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, साधारण पहिले १००० ते १५०० किलोमीटर. म्हणजे तुमचा बराचसा प्रवास त्यातच होणार. लांबचा प्रवास या काळात वाईट असं नाही. वाईट काय, तर तासन्‌तास एकाच वेगाने जाणं. त्यामुळे क्रूझ कंट्रोलला विश्रांती द्या, वेग कमी-जास्त होऊ द्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवणंही तितकंच वाईट, आणि हे "जपून चालवणारे"च जास्त करतात. सरळ खालचा गिअर टाका. ब्रेक पॅड आणि टायर यांनाही सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर सवय लागते, पण ते तुमचे होऊन गेलेत.

पहिल्या सर्व्हिसची मर्यादा किलोमीटर आणि महिने अशा दोन्हींत लिहिलेली असते, जे आधी येईल ते. ती प्रवासातच ओलांडणार असेल तर आधी करून देतात का विचारा, आणि जे काही सांगतील ते लेखी घ्या. करायचीच झाली तर निघण्याच्या तीन-चार दिवस आधी करा, आदल्या दिवशी नको. काही सैल राहिलं असेल तर घराजवळ फिरताना कळू दे. डॅशकॅम, जास्तीचे दिवे, नवी म्युझिक सिस्टीम यांची वायर तोडजोड तर निघायच्या तोंडावर अजिबात करू नका. सीट कव्हर घालायची असतील तर सीटच्या कडेला एअरबॅगची खूण आहे का बघा. तो भाग झाकायचा नसतो. आणि पायाखालच्या मॅटवर दुसरी मॅट टाकून ती मोकळी ठेवू नका. पेडलखाली सरकते.

सामानाचं थोडक्यात. गाडीने एकूण किती वजन न्यावं हे ठरलेलं असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत ते माणसांसकट ४०० ते ४५० किलो. पाच जणांचेच ३५० धरा, मग उरतं किती ते दिसेल. जड बॅगा डिकीत तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. टपावरच्या कॅरिअरची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी असते, तिथे हलकंच ठेवा.

पेट्रोल किती किलोमीटर पुरेल हे सांगणारा आकडा तुमच्या आतापर्यंतच्या चालवण्यावरून काढलेला असतो. भरलेली गाडी, चढ आणि एसी त्याने अजून पाहिलेला नाही. मी पाव टाकी राहिली की भरतो.

शेवटचं काम फोनवरचं. गाडीसोबत रस्त्यातल्या मदतीची योजना मिळाली असेल तर त्या नंबरवर आत्ताच फोन करून तुमची गाडी त्यांच्या नोंदीत आहे का विचारा. नव्या गाडीची नोंद कधीकधी चॅसी नंबरवरच असते, तेव्हा तो फोनमध्ये आणि एका कागदावर लिहून ठेवा.