मुलं पळवणाऱ्या टोळीसारख्या अफवा शिकलेली माणसंसुद्धा का पसरवतात?

शिक्षणाचा इथे काही संबंध नाही. अशी अफवा काळजीच्या नावाखाली फिरते, आणि काळजी करणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही. आमच्याच घरातून एक गेली होती, म्हणून लिहिते आहे.

जून २०१८. मोटरसायकलवरून मूल उचलून नेतात, तो व्हिडिओ तेव्हा सगळ्यांना आला होता. मुळात ती कराचीतली, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात. शेवटी ते मूल परत आणून सोडतात, नेमका तो भाग कुणीतरी कापलेला. थोरल्या भाऊजींनी तो 'टोळी आपल्या भागात आली आहे' असं लिहून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, कोण शंका घेणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी "सुया घे, दाभण घे, बिब्बे घे" करत एक म्हातारी आली. बघता बघता तीसेक लोक जमले. तिचं बोचकं रस्त्यावर उलटं केलं. फण्या, काळे मणी, बिब्बे, आणि एक लहान मुलीचा फ्रॉक. नातीचा आहे म्हणून ती सांगत होती, पण ऐकतंय कोण! मी तिला दंडाला धरून घरात ओढलं आणि जाळीच्या दाराला कुलूप लावलं. पोलीस येईपर्यंत ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसली होती. तांब्या दिला तर अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं, इतके हात कापत होते. बाहेर जाळी हलवणाऱ्यांत माझ्या मुलाचे शिकवणीचे सर होते.

पुढे १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, रविवारच्या बाजाराला, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना याच संशयावरून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा आणायला घेतली. पण तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसं मावायची. करा हिशेब.

भाऊजी आजही म्हणतात, "खोटं निघालं तर काय बिघडलं? खरं असतं तर?" बिघडलं त्या म्हातारीचं. ती पुन्हा आमच्याकडे कधी फिरकली नाही.

मुलं हरवतात, हे मलाही मान्य आहे. संशय आला तर ११२ (पोलीस मदत) किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) ला फोन करा, ग्रुपवर टाकू नका. आणि टाकलंच असेल, तर 'मी टाकलेलं खोटं होतं' असं त्याच ग्रुपवर लिहा. भाऊजींना मी तेव्हाच हे सांगितलं होतं. त्यांनी स्वतःच्या फोनमधून व्हिडिओ तेवढा काढून टाकला.