लेन्स घ्या, पण त्या कार्डावर नको

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 34, घरी पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी, हातात येणारा पगार 55,000. सोनीचा क्रॉप सेन्सरवाला सेकंडहँड मिररलेस कॅमेरा आहे आणि त्यावर कॅननची जुनी, एफडी माऊंटची 70-210 एफ/4 झूम लेन्स वापरून बघायची आहे. अ‍ॅडॉप्टर धरून 6,500 रुपये. घ्यावी का? मग जाता जाता लिहिलंय : "कार्डावरच घेईन. पॉलिसीच्या हप्त्याचे 86,000 तसेही त्यावर आहेत, पण मिनिमम 4,300 वेळेवर भरतो. मुलीसाठी बँकेत 1,20,000 ची एफडी (मुदत ठेव) आहे, तिला हात लावायचा नाही."

लेन्सचं आधी उरकतो. घ्या. 1987 साली कॅननने ईएफ हा नवा माऊंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची जोडणी) आणला आणि एफडी लेन्स मागे पडल्या, म्हणून त्या स्वस्त मिळतात. मिररलेसवर साध्या अ‍ॅडॉप्टरने बसतात, सेन्सर लहान असल्याने तुमच्या कॅमेऱ्यावर ही साधारण 105-315 सारखी, म्हणजे दीडपट जवळ आणणारी दिसेल. हिवाळ्यात विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर हाताने फोकस करायला भरपूर वेळ देते. पैसे मोजण्याआधी काचेतून टॉर्च मारून बुरशी बघा, आणि तोंड खाली केल्यावर झूम आपोआप घसरतो का तेही बघा, कारण पुलावरून तुम्ही ती खालीच रोखणार. मात्र "नवरात्रात गरब्याचे फोटो विकून पैसे सुटतील" हे डोक्यातून काढा. रात्रीच्या दिव्यांत, एफ/4 वर म्हणजे बेताचाच उजेड आत घेणाऱ्या लेन्सने, हाताने फोकस करून फिरणारी माणसं टिपायची आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे? छंदाचा खर्च आहे, खर्चातच लिहा.

आता जे विचारलंच नाही ते. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के धरू. 86,000 वर व्याज 3,000, वर जीएसटी, म्हणजे साडेतीन हजार. तुमच्या 4,300 मधून मुद्दल फिटतं जेमतेम 800. दोन महिन्यांत एक लेन्स तुम्ही बँकेला भेट देता! शिवाय जुनी बाकी असताना त्या कार्डावर नवी खरेदी केली की बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, लेन्सवर पहिल्या दिवसापासून व्याज. आणि एफडी देते किती? सात टक्के धरा. वर्षाला चाळीस टक्क्यांनी देणं आणि सात टक्क्यांनी ठेवणं, हे मुलीसाठी चाललंय म्हणता? उद्या बँकेत जाऊन एफडी मोडा, कार्ड शून्यावर आणा. मुदतीआधी मोडल्याचा दंड या व्याजापुढे किरकोळ आहे. 34,000 उरतील, ते तसेच ठेवा. महिन्याचे 4,300 त्यातच टाकत गेलात तर वीस महिन्यांत एफडी पूर्ववत.

पण 86,000 झाले कशाने? बँकेतल्या मॅनेजरने गळ्यात मारलेल्या "गॅरंटीड डबल" पॉलिसीने. वर्षाला एक लाख, दहा वर्षं, आणि विसाव्या वर्षाअखेर 20 लाख. ऐकायला दुप्पट, प्रत्यक्षात वर्षाला साडेचार टक्के. विमा किती, तर 10 लाख. तुमचा दीड वर्षाचा पगार. लहान मुलगी असलेल्या घराला हा विमा म्हणून विकणाऱ्याला काय म्हणावं?

दोन हप्ते गेलेत. दुसऱ्या वर्षात सोडलीत तर भरलेल्याच्या किमान 30 टक्के, म्हणजे 60,000 हातात येतील. सुमारे 1,40,000 बुडतील. दुखेल. पण हिशेब असा करा : ते 60,000 सुद्धा मिळाले नाहीत असं धरलं आणि उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये टाकले, तर आजच्या 7.1 टक्क्यांनी त्याच मुदतीला 22 लाखांच्या आसपास होतात. दर सरकार बदलू शकतं, मान्य. तरी वीस लाखांसाठी आणखी आठ लाख भरण्यात काही अर्थ नाही.

क्रम मात्र चुकवू नका. आधी एक कोटीची टर्म पॉलिसी (नुसता विमा, परतावा नाही), तुमच्या वयाला वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास, आणि प्रकृतीची माहिती अर्जात खरी लिहून. ती हातात आली की मगच जुनी सरेंडर करा, तिसरा हप्ता यायच्या आत. मॅनेजर "एवढं एक वर्ष भरा" म्हणेल, त्याच्याशी वाद घालत बसू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. लेन्स पुढच्या पगारातून, रोख.