गाइडबरोबर छोट्या ग्रुपची शहर सहल पहिल्यांदाच घेताय?

बुकिंगआधी ग्रुपमध्ये जास्तीत जास्त किती माणसं असतील, तो आकडा विचारा. कुणाकडे आठ असतात, कुणाकडे पंचवीस, आणि जाहिरातीत दोघंही 'छोटा ग्रुप'च लिहितात. माणसं जास्त असतील तर कानात लावायचा रिसीव्हर देतात का तेही बघा, नाहीतर मागच्यांना गाइडची फक्त वर धरलेली छत्री दिसते, बोलणं ऐकू येत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठिकाण आतून दाखवणार की बाहेरूनच? बहुतेक वाद इथेच होतात. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद. मग तुमच्या तारखेला गाइड नेमकं काय दाखवणार? प्रवेशाचं तिकीट पैशांत धरलंय का, हे लेखी घ्या. 'रांगेत थांबायचं नाही' असं लिहिलं असलं, तरी ते सहसा तिकिटाच्या रांगेबद्दल असतं. सुरक्षा तपासणीची रांग कुणाला चुकत नाही.

सहल शक्यतो शहरात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. झोप झालेली असते, आणि शहराचा अंदाज आला की पुढचे दिवस तुम्हाला एकट्यानं फिरता येतं. शेवटच्या दिवशी घेतलीत तर हा फायदा वाया जातो, माझ्या मते तर निम्मी सहलच वाया जाते.

बूट वापरातले घाला. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्ससारख्या चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात. आणि ठरल्या जागी दहा मिनिटं आधी पोचा. ग्रुप निघून गेला तर पैसे सहसा परत मिळत नाहीत.