जांभ्याच्या भिंतींची सुतारकामाची खोली: पॅनल लावण्याआधी ओल पाहा

चिपळूणजवळच्या घराची मागची पडवी बंदिस्त करून तेथे सुतारकामाची खोली करायची आहे, तर जांभ्याच्या भिंतींना पीव्हीसी पॅनल लावावेत की जिप्समचा गिलावा करावा, हा आपला प्रश्न वाचला. माझी खोलीही अशीच पडवीतून निघालेली असल्यामुळे सविस्तर लिहितो; मात्र मी हौशी सुतार आहे, अभियंता नव्हे, हे लक्षात असू द्यावे.

जिप्समचा विचार सोडून द्यावा. पुण्यातल्या दुसऱ्या मजल्यावर ते उत्तम टिकत असेल, परंतु ओल धरणाऱ्या भिंतीवर ते भुसभुशीत होऊन सुटते.

पॅनलला पाण्याने काही होत नाही हे खरेच आहे. प्रश्न त्यामागच्या भिंतीचा आहे. माझ्याकडे पॅनल लावल्यावर पहिल्याच पावसाळ्यात कुबट वास येऊ लागला, म्हणून एक पट्टी काढली, तर भिंतीवर कापसासारखा पांढरा लोणा (ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार) फुललेला होता आणि खालच्या रिपेत वाळवीने मातीचे बोगदे केले होते. हमीपत्र होते, म्हणून ऑगस्टमध्ये तक्रार केली. दुकानदाराने कंपनीकडे बोट दाखवले, कंपनीने बसवणाऱ्याकडे, आणि अखेर त्यांचा तपासनीस उगवला तो मे महिन्यात. त्याने भिंतीला यंत्र टेकवले आणि ‘भिंत कोरडी, दोष आढळत नाही’ असा शेरा मारला. मे महिन्यात आमच्याकडे विहीरसुद्धा कोरडी असते! सगळे पॅनल उतरवण्याचा खर्च मलाच सोसावा लागला. त्यामुळे हमीच्या भरवशावर कोणतेही आच्छादन निवडू नये, असे माझे ठाम मत आहे.

जुलैत भिंतीवर हातभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावे. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे. भिंतीतून येत असेल तर आधी पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर न्यावे.

आच्छादनाबाबत माझी पसंती अशी: खालचे तीन फूट नुसता चुन्याचा गिलावा आणि त्या गिलाव्यावर चुन्याचाच हात, म्हणजे भिंतीतली ओल बाहेर पडत राहते. ऑइलपेंट कटाक्षाने टाळावा. त्या तीन फुटांच्या वरच्या भागात, वाळवीचे औषध दिलेल्या रिपांवर १२ मिमी प्लायवूड ठोकावे आणि मागे हवा खेळण्यासाठी खालीवर फट ठेवावी. प्लायवूडला कुठेही स्क्रू मारून हत्यारे टांगता येतात. सच्छिद्र जांभ्यात प्रत्येक खुंटीसाठी भोक पाडणे म्हणजे वैतागच. प्रत्येक फळीवर आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचे मानक) चा छाप स्वतः पाहावा, कारण ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयएस ३०३ (साधारण वापराच्या प्लायवूडचे मानक) चा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, माल सर्रास गळ्यात मारला जातो.

ग्राइंडरच्या ठिणग्या जेथे उडतील तेथे मात्र प्लायवूड नको आणि पीव्हीसी तर मुळीच नको, कारण पीव्हीसी जळल्यास हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सुटतो. तेवढ्या भागात सिमेंट बोर्ड लावावा. रंग पांढराच द्यावा, म्हणजे रंध्याखालची रेघ संध्याकाळीही दिसते.

हे सारे काम दिवाळीनंतर, भिंत पुरती वाळल्यावरच काढावे, आणि प्लायवूड ठोकण्यापूर्वी वायरिंगच्या पाइपांचे मोजायची टेप धरून फोटो काढून ठेवावेत.