शॉर्टब्रेड बिस्किटं घरी कशी करायची? माझी तीनदा बिघडली

तुम्ही लिहिलंय की घरच्या लोण्यात केलेली बिस्किटं दगडासारखी झाली, पातळ तुपातली ओव्हनमध्ये पसरून एकमेकांना चिकटली आणि विकतच्या बटरची वरून तपकिरी, आतून कच्ची निघाली. आता बेकिंग पावडर घालून बघू का, असं विचारताय. नका घालू. अंडं नको, दूधही नको. तुमच्या साहित्यात काही कमी नव्हतं. एकदा पाणी नडलं, एकदा तूप पातळ होतं आणि एकदा आच जास्त झाली. तिन्हीवर उपाय आहे.

मी हा पदार्थ शिकले स्कॉटलंडमध्ये, म्हणजे त्याच्या माहेरीच. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं ॲबर्डीनला होतो. शेजारच्या आजी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शॉर्टब्रेडचे डबे भरून ठेवायच्या. तिकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीला हॉगमने म्हणतात. बारा वाजून गेल्यावर जो पहिला माणूस उंबरठा ओलांडून आत येतो, त्याने रिकाम्या हाताने यायचं नसतं. कोळशाचा तुकडा, व्हिस्की, सुक्या मेव्याचा काळा केक किंवा शॉर्टब्रेड, असं काहीतरी आणायचं.

आजींच्या ओट्यावर दोन पारड्यांचा जुना तराजू होता. दोन औंस साखर, चार औंस लोणी, सहा औंस पीठ. एक, दोन, तीन, पाठ करायला एवढंच. लोणी त्या पिठात बोटांच्या पेरांनी चोळायच्या, तळवा लागू द्यायच्या नाहीत, कारण तळवा गरम असतो. हळूहळू वाडग्यातलं पीठ ओल्या वाळूसारखं दिसायला लागलं. मला वाटलं, आता मळणार. पण त्यांनी मूठभर पीठ उचललं, दाबलं आणि मूठ उघडून मला दाखवली. मुटका! सांगलीला आई शंकरपाळ्यांचा मैदा मोहन घालून असाच मुठीत दाबून बघायची. मुटका वळला तर मोहन बरोबर, सुटला तर अजून एक पळी.

आणि खरोखर तेच आहे हो. मोहन आपण कशासाठी घालतो? मैद्याला पाणी मिळालं आणि त्यात हात फिरला की ग्लुटेन तयार होतं, पीठ ताणलं जातं. पावाला, पोळीला ते हवंच. खुसखुशीत पदार्थाला मात्र ते मारक. मैद्याच्या कणाला आधी तूप-लोणी लागलं की पाण्याला आत शिरायला वाव उरत नाही. शॉर्टब्रेडमध्ये हे मोहन पार टोकाला नेलेलं असतं. वरून पाण्याचा थेंब नाही, अख्खं पीठ लोण्यावरच बांधलं जातं. इंग्रजीत अशा भुसभुशीत पिठाला 'शॉर्ट' म्हणतात, नाव त्यावरूनच आलं. ओळखीची चव हवी असेल तर पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी आठवा. तीही याच कुळातली.

आता प्रमाण. अमूल बटरची १०० ग्रॅमची वडी आणा, म्हणजे मोजायचा प्रश्नच नाही. तिला ५० ग्रॅम साखर आणि एकूण १५० ग्रॅम पीठ. या १५०मध्ये मैदा १२५ आणि बारीक रवा किंवा तांदळाची पिठी २५. घरात वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, छोटा मिळतो. वाटीने मोजलेला मैदा दर वेळी वेगळा भरतो, वाटी ठोकली की जास्त, भुरभुरली की कमी, आणि तीनच जिनसांच्या पदार्थात तेवढा फरक लगेच कळतो.

तांदळाची पिठी बघून मी चकितच झाले होते, स्कॉटलंडमध्ये तांदूळ कुठून आला म्हणून! पण तिथे ही जुनी रीत आहे. तांदळात ग्लुटेन नाही, त्यामुळे बिस्किट आणखी हलकं होतं आणि दाताखाली बारीकशी कणी लागते. नानकटाईत आपण रवा घालतो तो याच कणीसाठी. लहानपणी दिवाळीआधी आम्ही तूप, पिठीसाखर, मैदा, रवा असं सगळं डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर जायचो, पत्र्यावर नानकटाया थापायचो आणि आपला पत्रा बाहेर येईपर्यंत तिथून हलायचो नाही. पहिला शॉर्टब्रेड तोंडात टाकला तेव्हा मला त्या भट्टीचाच वास आला. म्हणून सांगते, पिठी किंवा रवा गाळू नका. नुसत्या मैद्याचा शॉर्टब्रेड चांगला होतो, पण त्यात ती मजा नाही.

अमूलच्या नेहमीच्या बटरमध्ये मीठ असतंच, वरून चिमूटभरही घालू नका. साखर मात्र आपल्याकडची दाणेदार असते, ती तशीच घातली तर विरघळत नाही आणि बिस्किटावर काळपट ठिपके उमटतात. मिक्सरमधून दोनदा फिरवून घ्या. अगदी पिठी नको, किंचित रवाळ राहू द्या. व्हॅनिला घातला नाही तरी चालतो, मी घालत नाही. या बिस्किटाला चव लोण्याची असते आणि लोणी चांगलं असलं की दुसरं काही लागत नाही. वेलदोडा घातलात तर छान लागेल, पण ती नानकटाई झाली. अ‍ॅबरलूर या स्कॉटलंडमधल्या गावची वॉकर्स कंपनी १८९८पासून शॉर्टब्रेड करते आहे आणि तिच्या साध्या पाकिटावर घटक म्हणून मैदा, लोणी, साखर, मीठ एवढंच लिहिलेलं असतं.

कृती अशी. बटर फ्रिजमधून काढून बोट दाबलं तर खळगा पडेल इतपतच मऊ होऊ द्या. वितळलेलं नको. साखर घालून लाकडी चमच्याने नुसतं एकजीव करा. केकसारखं पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसायचं नाही, कारण फेसताना हवा भरते आणि पुढे बिस्किट फुगून आकार सोडतं. मग मैदा आणि पिठी एकत्र चाळून घाला आणि पेरांनी चोळा. मुटका वळायला लागला की सगळं गोळा करून डब्यात थापा. मळू नका. पोळ्या करायची सवय असलेल्या हाताला हे फार जड जातं, पीठ समोर आलं की तळवा आपोआप खाली दाबतो. मीही पहिले काही घाणे मळलेच होते.

वेगवेगळी बिस्किटं लाटून कापण्यापेक्षा सुरुवातीला १८ सेंटिमीटरचा गोल केकचा डबा घ्या. तळाला बटर पेपर घालून त्यात पीठ थापलं की साधारण एक सेंटिमीटर जाडी येते. वाटीच्या बुडाने वरून सपाट करा, आठ तुकड्यांच्या रेषा सुरीने आखा आणि काट्याने तळापर्यंत टोचे मारा. ते टोचे शोभेचे नाहीत, लोण्यातल्या पाण्याची वाफ त्यातून निघून जाते, नाहीतर मध्ये फुगवटा येतो. स्कॉटलंडमध्ये या त्रिकोणी तुकड्यांना पेटीकोट टेल्स म्हणतात. डब्याला कडा असल्याने पसरायची भीती नाही, हा तुमच्यासाठी मोठा फायदा.

मग डबा अर्धा तास फ्रिजमध्ये. ही पायरी ॲबर्डीनच्या थंडीत लागायची नाही, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाळताच येत नाही. चोळतानाच पिठाला तेलकट चकाकी दिसली तर समजा लोणी सुटायला लागलंय. तिथेच थांबा, वाडगं फ्रिजमध्ये ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुढे चला.

ओव्हन १५० अंशांवर, आधी पंधरा मिनिटं तापवलेला. १८० नको. तुमची तिसऱ्या वेळची बिस्किटं तिथेच फसली असावीत. शॉर्टब्रेड भाजायचा कमी, वाळवायचा जास्त. लहान ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, वरची सळई जवळ असते आणि पृष्ठभाग पटकन रंग धरतो, म्हणून जाळी खालच्या खाचेत ठेवा आणि वर रंग चढू लागला तर फॉइल झाका. पंख्याचा ओव्हन असेल तर १०-१५ अंश कमी ठेवा. ३५ ते ४० मिनिटं लागतात. पण घड्याळापेक्षा कडेवर नजर असू द्या. कडा फिकट सोनेरी, मधला भाग जवळजवळ पांढरट, की काढा. या वेळी दाबून बघाल तर मऊ लागेल आणि वाटेल कच्चंच आहे. तसं नसतं. गार होताना ते घट्ट होतं. डबा बाहेर काढल्या काढल्या गरम असतानाच आखलेल्या रेषांवर सुरी फिरवून तुकडे पाडा, गार झाल्यावर कापाल तर सगळा चुरा हातात येईल. तुकडे मात्र डब्यातून पूर्ण गार झाल्यावरच काढा.

घरच्या लोण्याबद्दल. चव त्याचीच सर्वांत चांगली, यात शंका नाही. पण त्यात ताक आणि पाणी भरपूर अडकलेलं असतं आणि तेवढ्या पाण्यात मैदा चिवट होतो. तुमचे दगड त्याचेच. गार पाण्याने ताकाचा पांढरेपणा जाईपर्यंत धुवा, मग पातळ फडक्यात घट्ट पिळा, तासभर फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा पिळा, आणि अशा वेळी चिमूटभर मीठ घाला. तुपाचं गणित उलटं. बटरमध्ये स्निग्धांश साधारण ८० टक्के, तुपात जवळपास सगळाच. म्हणजे १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप, आणि तेही थिजलेलं, रवाळ. पातळ तूप असेल तर फ्रिजमध्ये थिजवून घ्या. पण तुपाचा शॉर्टब्रेड चवीला नानकटाईकडेच झुकतो, हे आधीच सांगते.

ओव्हन नसलेल्या कोणी हे वाचत असेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण घालून दहा मिनिटं तापवा आणि मग अगदी मंद आचेवर डबा ठेवा. आच खालूनच असल्याने बूड आधी लाल होतं, म्हणून डब्याखाली एक ताटली जास्तीची ठेवा आणि अर्ध्या तासानंतर एक तुकडा उचलून तळ बघत राहा.

पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, स्टीलच्या सैल डब्यात दोन दिवसांत सादळतात. सादळलीच तर १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवून गार होऊ द्या, पुन्हा पहिल्यासारखी होतात. आणि पहिल्या दिवशीच सगळी संपवू नका, दोन तुकडे दुसऱ्या दिवसासाठी बाजूला ठेवा. लोण्याची चव तेव्हा जास्त खुललेली असते.