बिनपैशांचा होकार आणि औशाची दोन एकर

प्रश्न : मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. वय ५३, हातात पगार ९२ हजार, जुनी पेन्शन लागू. मुलीने नांदेडच्या एसजीजीएस अभियांत्रिकी महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्सचं बी.टेक. केलं. अमेरिकेत पीएचडीसाठी तीन अर्ज केले होते. एका विद्यापीठाने पीएचडी न देता एमएसला प्रवेश दिला, एकाकडे वेटलिस्ट आहे आणि एकाचा नकार आला. एम.टेक.च्या प्रवेशासाठी दिलेल्या गेट परीक्षेचा स्कोअर बरा आहे, आयआयटींचे फॉर्म भरलेत. एमएसचा दोन वर्षांचा खर्च ८० हजार डॉलर, म्हणजे ७२ लाख. बार्शी रोडचा एनए (बिगरशेती) प्लॉट तारण ठेवून ४० लाख कर्ज, जीपीएफमधून (भविष्य निर्वाह निधीतून) १२ लाख आणि पाचपैकी दोन एकर विकून २० लाख अशी जुळवाजुळव केली आहे. जमिनीवर टॅक्सही बसत नाही म्हणतात. धाकटा अकरावीत आहे, नीटची तयारी चालू आहे. १५ एप्रिलच्या आत ५०० डॉलर भरायचे आहेत. भरू का?

उत्तर : गुरुजी, ५०० डॉलरचं उत्तर शेवटी देतो. आधी हातातली पत्रं नीट वाचू. तुम्ही ती दहावीच्या निकालासारखी वाचली आहेत : एक पास, एक नापास, एक राखीव. पण ती तशी नसतात.

अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पीएचडीला घेतलं की बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि खर्चापुरतं मानधन मिळतं. त्या बदल्यात मुलं शिकवण्याचं किंवा प्रयोगशाळेतलं काम करतात. म्हणजे विद्यापीठ किंवा तिथला प्राध्यापक त्या मुलावर पदरचा पैसा लावतो, म्हणून जागा मोजक्या असतात. एमएसला पैसा बहुतेक वेळा विद्यार्थी लावतो. पीएचडीला अर्ज केलेल्याला एमएस देऊ करणं ही तिथली नेहमीची रीत आहे. मुलगी लायक आहे म्हणूनच ते आलंय, यात शंका नाही. पण मदतीचा एक शब्दही त्या पत्रात नसेल, तर त्याचा व्यवहारी अर्थ एवढाच : शिकायला ये, खर्च तुझा. जोखीम पूर्णपणे तुमच्या घरावर आहे. पाहुण्यारावळ्यांत पेढे वाटताना हा फरक कुणी सांगत नाही, आणि कन्सल्टन्सीवाला तर मुळीच सांगणार नाही.

वेटलिस्टचं पत्र मला जास्त मोलाचं वाटतं. तिथल्या ग्रॅज्युएट स्कूलांच्या परिषदेचा एक जुना ठराव आहे : आर्थिक मदतीसह प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्यावर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही. ज्यांच्या हातात दोन-तीन मदतीच्या जागा असतात, ती मुलं शेवटच्या आठवड्यात नको त्या जागा सोडतात आणि वेटलिस्ट हलते ती त्याच सुमारास. मुलीने तिथल्या ग्रॅज्युएट समन्वयकाला आजच चार ओळींचा मेल करावा : जागा मिळाली तर मी येणार आहे, अर्जानंतर प्रकल्पात अमुक प्रगती झाली, यादीची स्थिती कळवाल का. एवढं पुरे. नकार दिलेल्या ठिकाणी कारण विचारण्यात वेळ घालवू नका, सहसा कुणी सांगत नाही.

तुमच्या ५०० डॉलरच्या पत्रावर तीच तारीख आहे खरी. पण स्वखर्चाच्या एमएसला तो ठराव लागू होत नाही, ती मुदत त्या विद्यापीठाने स्वतः घातली आहे. म्हणून ती वाढवून मागता येते. त्याच मेलमध्ये आणखी विचारून घ्या : व्हिसा नाकारला तर डिपॉझिट परत मिळतं का, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, पहिल्या सत्रानंतर एमएसच्या किती मुलांना असिस्टंटशिप (कामाच्या बदल्यात मानधन) मिळते, आणि पुढे पीएचडीत जाण्याची वाट आहे का. हे सगळं मुलीनेच विचारायचं. तिथल्या कायद्याने विद्यार्थ्याची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय पालकांनाही सहसा देत नाहीत, तुम्ही फोन केलात तर कोरडं उत्तर मिळेल.

आता पैसा. ४० लाखांचं कर्ज १०.५ टक्क्याने, निम्मं पहिल्या वर्षी आणि निम्मं दुसऱ्या वर्षी उचललं, असं धरू. शिक्षणाची दोन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच असतं. सरळ व्याजाने ते साडेदहा लाख होतं. म्हणजे हप्ता सुरू होईल तो साधारण ५० लाखांवर : दहा वर्षांसाठी महिन्याला ६७ हजारांच्या पुढे, पंधरा वर्षांसाठी ५५ हजार. त्या वेळी तुम्ही ५६ वर्षांचे असाल. ५८ ला निवृत्ती, पुढे मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि महागाई भत्ता. सहकर्जदार तुम्ही आहात. मुलीला नोकरी लागायला वर्ष लागलं, तर बँक फोन औशालाच करणार. त्यात फी डॉलरमध्ये आहे. २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली. दुसऱ्या वर्षी तो आणखी पाच टक्क्यांनी वर गेला, तर तुमच्या हिशोबात १ लाख ८० हजारांचा खड्डा पडतो, आणि त्यासाठी तुम्ही एक रुपयाही बाजूला ठेवलेला नाही.

‘तिकडे नोकरी लागली की दोन वर्षांत फिटतं’ हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमचं गणित त्यावरच उभं आहे. तिथल्या पगारात फिटतंही. एमएसनंतर बारा महिने आणि तंत्रविषयांना त्यावर चोवीस महिने काम करता येतं, ही मुभा आज आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची आकारणी एका आदेशाने जाहीर झाली. तिथेच शिकणाऱ्यांना वगळल्याचा खुलासा नंतर आला, तोवर कित्येक घरांची झोप उडाली होती. म्हणून मी एकच कसोटी लावतो : मुलगी पदवी घेऊन पुण्याला किंवा बेंगळुरूला परत आली, तर तिथल्या पहिल्या पगारातून ५५ हजार निघतील का? घरभाडं वगळून? बहुतेकांना ते जड जातं.

जमिनीबद्दल : शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरच्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे बरोबर. पण कर नाही म्हणून जमीन काढायची, हा तर्क मला पटत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर गाठीला पैसा नसलेला खरीददार भाव पाडून मागतो, आणि तुम्हाला तर तारखेची घाई आहे. घाईतला विकणारा ओळखू येतो. शिवाय शेती बँक शैक्षणिक कर्जाला सहसा तारण घेत नाही, कारण थकलेल्या कर्जापोटी तारण जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे तुमची खरी पत एनए प्लॉटचीच आहे, आणि ती तुम्ही पहिल्याच मुलावर पूर्ण संपवताय. धाकट्याला सरकारी मेडिकल नाही मिळालं तर? लातुरात राहून हा प्रश्न तुम्हाला मी विचारायला नको.

जीपीएफचे १२ लाख तर अजिबात काढू नका. शिक्षणासाठी नापरतावा रक्कम मिळते, म्हणून ती काढलीच पाहिजे असं नाही. आणि एक बारीक मुद्दा : बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी गेलेल्या पैशावर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो आगाऊ कर) नाही, पण घरचा पैसा वर्षाला १० लाखांवर गेला की तो कापला जातो. विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. व्याजाची करसवलत जुन्या करप्रणालीतच आहे, तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात ते बघा.

राहिली आयआयटी. तुमच्या पत्रात तिला अर्धी ओळ आहे, मी तिला पहिल्या रांगेत बसवीन. गेटवरून एम.टेक.ला घेतलेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. जागांचे प्रस्ताव आयआयटींच्या सामायिक सीओएपी पोर्टलवर मेच्या मध्यापासून फेऱ्याफेऱ्यांनी येतात. तिथे तीन पर्याय असतात : स्वीकारून थांबणे, हातची जागा राखून पुढच्या फेरीची वाट पाहणे, आणि सोडून वाट पाहणे. पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून नकार समजू नका, आणि राखण्याजोगी जागा असताना ‘सोडून वाट’ दाबू नका. यंदा नाहीच जमलं तरी गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. त्या काळात सारथी या सरकारी संस्थेची किंवा समाजकल्याणची परदेश शिष्यवृत्ती तुमच्या प्रवर्गाला लागू होते का बघता येईल. त्यांना जागतिक क्रमवारीची अट असते, सध्याचं विद्यापीठ त्यात बसतं का तपासा. जर्मनीचाही विचार करता येईल : बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण एपीएस प्रमाणपत्र (कागदपत्रांच्या पडताळणीचं) लागतं आणि खात्यात वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो अडकवून ठेवावे लागतात.

माझा क्रम असा. वेटलिस्टमधून मदतीसह जागा आली, तर डोळे झाकून जावं. नाहीतर आयआयटीत व्हीएलएसआय (चिप डिझाइन) किंवा तत्सम शाखा मिळाली, तर ती घ्यावी. स्वखर्चाचं एमएस तिसरं, तेही शेती आणि जीपीएफला हात न लावता, कर्ज ३५-४० लाखांच्या आत बसत असेल तरच. आज ते बसत नाही, ३२ लाख कमी पडतात. ते विद्यापीठाकडून काही सवलत मिळून, किंवा पुढच्या वर्षी स्वस्त ठिकाणी अर्ज करून भरून काढायचे. दोन एकर विकून नाही.

५०० डॉलर, म्हणजे ४५ हजार. आधी मुदतवाढ मागा. ती नाही मिळाली आणि एक वर्ष पुढे ढकलण्याची सोय लेखी असेल, तर बचत खात्यातून भरा आणि ते गेले असं धरून चाला. ती सोय नसेल तर भरू नका. भरले तरी आयआयटीच्या पहिल्या दोन फेऱ्या होईपर्यंत कर्जाची प्रक्रिया फी, विमा, जमिनीचा इसार यातलं काहीही करू नका. प्लॉटचं मूल्यांकन मात्र आत्ताच करून घ्या, तेही बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरकडून. आणि कर्जासोबत बँक एकरकमी हप्त्याची पॉलिसी गळ्यात मारेल, तिच्याऐवजी मुलीच्या नावे साधा टर्म विमा वेगळा घेता येतो का, हे शाखेत लेखी विचारा.